आले कोण, राहिले कोण : पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लोकरचनेविषयी

पिंपरी-चिंचवडची ओळख करून देताना बहुतेक लेखक कारखान्यांपासून सुरुवात करतात आणि कारखान्यांपाशीच थांबतात. आधी पेनिसिलिन, मग स्कूटर, मग ट्रक, शेवटी चाकणच्या मोटारी, असा तो क्रम ठरलेला. त्यात माणसे येतात ती ‘कामगार’ या एका शब्दात गुंडाळलेली. जनगणनेचे आकडे मात्र वेगळाच प्रश्न पुढे करतात. आजच्या शहराच्या पोटात गेलेल्या गावांची वस्ती १९५१ साली पाव लाखाच्या आसपास होती. १९७१ ला ती एक लाखाला टेकली, १९८१ ला अडीच लाख झाली, १९९१ ला पाच लाखांच्या पुढे, २००१ ला दहा लाखांच्या पुढे आणि २०११ ला सतरा लाखांच्या पुढे गेली. केवळ जन्मदराने गाव असे वाढत नाही. या शहरातली बहुसंख्य माणसे किंवा त्यांचे आईवडील कुठून तरी आलेले आहेत, एवढे या आकड्यांवरून उघड आहे. ती कुठून आली, कोणता देव आणि कोणती भाषा घेऊन आली, त्यांतली कोण या शहराची झाली आणि कोण वीस वर्षे राहूनही पाहुणीच राहिली, हा या संग्रहाचा विषय आहे. चाकणचा भाग त्यात ओघानेच येतो. तिथे हीच गोष्ट तीस-चाळीस वर्षे उशिरा, आणि बऱ्याच वेगळ्या अटींवर, घडते आहे.

शहराची वांशिक-धार्मिक रचना मांडण्याची एक रूढ पद्धत युरोपातल्या सीमावर्ती गावांच्या अभ्यासातून आली आहे. हंगेरीच्या आग्नेय सीमेवर, रुमानियाला लागून असलेले ड्युला हे गाव तिचे चांगले उदाहरण ठरेल. ऑटोमन अंमल संपल्यावर अठराव्या शतकात उजाड झालेल्या त्या मुलखात मग्यार, जर्मन आणि रुमानियन कुटुंबे येऊन वसली आणि गावाच्या पेठा त्या त्या लोकांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. रुमानियन लोक ऑर्थोडॉक्स, मग्यार लोक कॅथलिक किंवा सुधारित पंथाचे. धर्म सांगितला की वंश कळतो आणि वंश सांगितला की भाषा, अशी तिथली मूळ मांडणी. हंगेरीतल्या रुमानियन ऑर्थोडॉक्स पंथाच्या बिशपचे पीठ आजही याच गावात आहे. १९९३ च्या कायद्याने तिथल्या अल्पसंख्य समाजांना स्वतःच्या निवडून दिलेल्या संस्था मिळाल्या, आणि २००१ च्या जनगणनेने माणसाला राष्ट्रीयत्व, मातृभाषा, घरात वापरायची भाषा आणि कोणत्या संस्कृतीशी नाते वाटते, असे चार वेगळे प्रश्न विचारले. उत्तरेही एकाहून अधिक देता येत होती. तीन रेषा एकमेकींवर नेमक्या बसतात असे मानले गेलेल्या गावातसुद्धा त्या सुट्या करून मोजाव्या लागल्या, ही यातली लक्षात घेण्याजोगी बाब.

आपल्याकडे त्या रेषा कधी एकमेकींवर बसल्याच नव्हत्या. तरीही आपली जनगणना धर्माचा एक रकाना, मातृभाषेचा एक रकाना आणि अवगत असलेल्या आणखी दोन भाषा एवढ्यावर भागवते. पिंपरीतला सिंधी धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ म्हणून येतो आणि शेजारच्या लाखोंत विरघळतो. भोजपुरी, मगही, मारवाडी, छत्तीसगढी बोलणारे सगळे ‘हिंदी’ या एका शीर्षकाखाली गोळा होतात. मग सिवानचा फिटर आणि नागौरचा किराणा दुकानदार एकाच भाषेचे ठरतात. उलट जळगाव-धुळ्याची अहिराणी ‘खानदेशी’ या नावाने स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते. ती बोलणाऱ्या पुष्कळांना आपण मराठीखेरीज वेगळे काही बोलतो हे कबूल नसेल, किंवा उलट, ते ठणकावून सांगायचे असेल. ‘ख्रिस्ती’ या एका शब्दात केरळचे कॅथलिक, मार्थोमा आणि ऑर्थोडॉक्स, तमिळ प्रॉटेस्टंट आणि नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती एकत्र बसतात. जन्मस्थळ, आधीचे वास्तव्य आणि स्थलांतराचे कारणही जनगणना विचारते, पण त्या उत्तरांची धर्म-भाषेच्या तक्त्यांशी सांगड सहसा घातली जात नाही. रकाने खोटे आहेत असे नाही. या पट्ट्यात माणसांचे गट ज्या गोष्टीने बनले आणि टिकले, ती त्यांत मावत नाही.

ती गोष्ट कोणती, याबद्दल या प्रस्तावनेचे एक म्हणणे आहे आणि ते आधीच सांगून टाकणे बरे. माणूस या पट्ट्यात कोणत्या वाटेने आला आणि आल्यावर त्याच्या हाती कोणता कागद पडला, यावर तो इथला झाला की नाही हे मुख्यतः ठरले. निर्वासिताला मिळालेला घराचा कागद, कारखान्यातले कायम नेमणुकीचे पत्र, सहकारी गृहरचना संस्थेतला वाटा, आणि आज चाकणमध्ये अकरा महिन्यांचा भाडेकरार किंवा तोही नाही. धर्म, भाषा आणि जात यांचे वजन आहेच. पण ते या कागदांतून मार्ग काढत प्रकट होते.

विषयाच्या अभ्यासाची परंपरा तुटक आहे. १८८५ चे पुणे जिल्हा गॅझेटियर गावे, जाती आणि बाजार यांची नोंद करते. त्यातले चिंचवड म्हणजे मोरया गोसावींच्या समाधीभोवती, इनामांवर उभे राहिलेले देवस्थानचे गाव. त्यानंतरचा मोठा टप्पा गोखले अर्थशास्त्र संस्थेचा. धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली निघाले, आणि शहर कुटुंबाकुटुंबाने मोजता येते हे मराठी मुलखाला पहिल्यांदा दिसले. इरावती कर्वे आणि जयंत रानडिवे यांनी १९६५ मध्ये फलटणसारख्या वाढत्या गावाचा आणि त्याच्या पंचक्रोशीचा अभ्यास केला; ती नजर पिंपरीकडे वळली असती तर आज आपल्या हाती केवढा ऐवज असता! रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातल्या पाच कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला, पण त्याचा रोख कारखान्याच्या फाटकाच्या आत होता. सिंधी समाजावर यू. टी. ठाकूर यांचे १९५९ चे पुस्तक आणि गुजरातमधल्या सिंध्यांवर रीटा कोठारी यांचे २००७ चे पुस्तक आहे. आंबेडकरी चळवळीचा इतिहास एलिनॉर झेलियट यांनी लिहिला. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. दक्षिण गुजरातच्या कामगारांवर यान ब्रेमन यांनी आयुष्यभर लिहिले आणि मजूर येतो तो स्थिरावण्यासाठी नव्हे, तर त्याला फिरतेच ठेवले जाते, हे दाखवून दिले. गॅझेटियरवाल्यांना जात दिसली, गोखले संस्थेला कुटुंबाचे उत्पन्न, कारखान्याच्या अभ्यासकांना कामगार, निर्वासितांच्या अभ्यासकांना स्मृती आणि ब्रेमनपंथीयांना कंत्राट. एकाच पट्ट्यात हे सगळे एकमेकांवर कसे चढले आहे, ते पाहणारे लेखन फार थोडे.

उद्योग येण्याआधी हा प्रदेश एकरंगी होता, हा समज पहिल्यांदा बाजूला करावा लागतो. देहू आणि आळंदी ही वारकऱ्यांची दोन क्षेत्रे याच इंद्रायणीच्या काठावर. चिंचवडला देवस्थान आणि त्याच्या आश्रयाची कुटुंबे, भोवती मराठा-माळी शेतकऱ्यांची आणि बलुतेदारांची गावे, आणि १८५८ साली रेल्वे आल्यानंतर व्यापाराला मिळालेली धार. चिंचवडचे फत्तेचंद जैन विद्यालय हे नावच कारखान्यांआधीच्या जैन व्यापारी वस्तीची साक्ष देते. चाकण तर बहमनी काळापासून लष्करी ठाणे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्ताखानाशी दीड महिन्याहून अधिक काळ झुंज दिली तो संग्रामदुर्ग इथलाच, आणि किल्ला पडल्यावर मोगलांनी त्याचे नाव इस्लामाबाद ठेवले होते. पुणे-नाशिक रस्त्यावरचा हा कांदा-बटाट्याचा बाजार मोटारींमुळे जगाला कळला, पण मुसलमान, मराठे, व्यापारी आणि हमाल त्या बाजारात कित्येक पिढ्या एकत्र वावरत होते.

नव्या शहराची पहिली वस्ती मात्र कारखान्याने वसवली नाही. ती फाळणीने वसवली. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून हिंदूंचा लोंढा समुद्रमार्गे मुंबईकडे निघाला. मुंबई सरकारने त्यांच्यासाठी जागोजागी छावण्या उघडल्या. कल्याणजवळच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले आणि पिंपरीच्या छावणीला लोक आजही ‘कॅम्प’च म्हणतात. पिंपरी वाघेरे हे तेव्हा नदीकाठचे शेतकरी गाव होते. त्याच्या शेजारी अचानक अशी वस्ती आली की जिची भाषा वेगळी, लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि देवघरात झुलेलालच्या शेजारी गुरू ग्रंथसाहिब. ड्युलाच्या मोजपट्टीने पाहिले तर हे लोक कायमचे अल्पसंख्य, कायमचे वेगळे राहायला हवे होते. प्रत्यक्षात चाळीसेक वर्षांत शगुन चौकाभोवतीचा बाजार साऱ्या शहराचा बाजार झाला. भोसरीचा गावकरी आणि निगडीचा नोकरदार लग्नाचा बस्ता बांधायला तिथे जाऊ लागला. याचे श्रेय सिंधी माणसाच्या व्यापारी स्वभावाला देऊन लोक मोकळे होतात. स्वभावाने बाजार उभा राहतो असे मानले तरी त्याला आधी दुकानाची जागा लागते. १९५४ च्या विस्थापित व्यक्तींच्या नुकसानभरपाई कायद्याने सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेच्या बदल्यात इथे काहीतरी नावावर होण्याची सोय केली. सरकारने या माणसांना आणले आणि त्यांच्या इथल्या असण्याला कागदाचा आधार दिला. तो कागद अनेकांच्या बाबतीत अपुरा होता, मालकीच्या तक्रारी दशकानुदशके चालल्या. तरी बँकेत आणि महापालिकेत दाखवायला तो कागद होता. भाषेच्या बाबतीत मात्र हा समाज उणा होत गेला. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत गेली, पण महाराष्ट्रभर सिंधी माध्यमाच्या शाळा आटत गेल्या आणि नव्या पिढीच्या तोंडी हिंदी-इंग्रजी आली. म्हणजे ज्या गटाने शहरात सगळ्यांत पक्के पाय रोवले, त्याचीच भाषा सगळ्यांत लवकर मावळू लागली. धर्म आणि भाषेच्या तक्त्यांवर विसंबणाऱ्याला ही विसंगती उलगडणार नाही.

दुसरी वाट कायम नोकरीची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आली, १९६६ मध्ये टेल्को. १९६२ ला स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने भोसरीची माळराने आखून दिली, १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. या कारखान्यांनी नगर, सातारा, सांगली, सोलापूरहून माणसे आणली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याकडून येणारी वाट रुंदावली. खानदेशातून आयटीआय झालेली मुले आली. औषध कारखान्यात, संरक्षण खात्यात आणि कार्यालयांत केरळ-तमिळनाडूहून आलेले तंत्रज्ञ आणि लेखनिक होते. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडीत भूखंड आणि घरे दिली, आणि पगाराच्या पावतीवर कर्ज काढून या माणसांनी ती घेतली. मग संस्कृती कागदाच्या मागून आली. निगडीत केरळी पद्धतीचे श्रीकृष्ण मंदिर, आकुर्डीला गुरुद्वारा, आणि खानदेशी, मराठवाडी मंडळांचे स्नेहमेळावे. महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. खानदेशी मतदार महापालिकेच्या राजकारणात किती महत्त्वाचा आहे हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा, असे गमतीने म्हणता येईल.

या दुसऱ्या वाटेची किंमत मूळ गावांनी मोजली, आणि त्यांना ‘मूळ’ म्हणून लोकरचनेबाहेर ठेवणे ही अभ्यासकांची मोठी चूक आहे. प्राधिकरणासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांची साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या परताव्याची मागणी पिढीजात झाली. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन त्याचा मोठा भाग महानगर विकास प्राधिकरणात गेला, तरी ती संपली नाही. गावकी म्हणून जी काही एकजूट आज दिसते, यात्रा, बैलगाडा, भावकीचे राजकारण, ती केवळ परंपरेचा अवशेष नव्हे. सातबारा गेला, त्याच्या बदल्यात काय मिळाले याचा हिशेब अपुरा राहिला, म्हणून ती इतकी धारदार झाली. गावकरी हासुद्धा या शहराने घडवलेला एक गट आहे.

तिसरी वाट देहूरोडची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी डेपोंचा पसारा वाढला आणि त्या रोजगारावर दलित कुटुंबे आणि दक्षिणेतून आलेले लोक स्थिरावले. लष्करी खात्याची नोकरी जातीने नेमून दिलेल्या कामातून बाहेर काढणारी होती. तिचा पगार रोख होता आणि गावच्या पाटलावर अवलंबून नव्हता. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच देहूरोडला रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरचे धर्मांतर त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला झाले. तुकोबांच्या देहूपासून काही किलोमीटरवर हे घडले. या जवळिकीचे काव्यमय अर्थ पुष्कळांनी लावले आहेत. मला त्यातली नोकरीची आणि वस्तीची बाजू अधिक बोलकी वाटते. स्वतःचा विहार बांधायला स्वतःची वस्ती लागते. पुढचा इतिहास तर कागदाचाच आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, १९६१ मध्ये सुमारे २८ लाख झाले. पण अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. मधल्या काळात मनाने बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू असे दुहेरी जगणे कितीतरी कुटुंबांना भाग पडले. या पट्ट्यातल्या दापोडी, पिंपरी, देहूरोडच्या वस्त्यांतले बौद्ध किती, या प्रश्नाचे उत्तर दाखला कोणत्या वर्षी काढला यावर अवलंबून राहिले.

चाकणमध्ये या तिन्ही वाटा बंद आहेत, आणि म्हणून तो भाग या पुस्तकाची खरी परीक्षा आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज आणि २०१० मध्ये महिंद्र आली, भोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने. २०११ ला चाकणची नोंदलेली लोकसंख्या ४१ हजार होती, पण कामगार चाकणमध्ये कमी आणि खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांत जास्त राहतात. ज्यांच्या जमिनी गेल्या किंवा ज्यांनी विकल्या, त्यांनी आलेल्या पैशातून खोल्यांच्या चाळी बांधल्या. एका खोलीत चार-पाच मुले, पाळीप्रमाणे झोपणारी. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, बंगाल यांच्याबरोबर बीड, लातूर, नांदेड, यवतमाळचीही. नोकरी ठेकेदाराची किंवा शिकाऊ उमेदवार म्हणून ठरावीक मुदतीची. मुदत संपली की दुसरा ठेकेदार, दुसरी खोली, कधी दुसरे गाव. मोशीच्या इंद्रायणी घाटावर छटपूजेला गर्दी होते, चिखली-कुदळवाडीत भंगाराच्या व्यवसायाभोवती उत्तर भारतीय मुसलमानांची वस्ती वाढली. ती किती सहज उठू शकते हे फेब्रुवारी २०२५ मधल्या महापालिकेच्या मोठ्या पाडापाडीत दिसले. ती बांधकामे अनधिकृत होती, हे खरेच. पण सत्तर वर्षांपूर्वीच्या कॅम्पातली पुष्कळ वाढीव बांधकामेही काही परवाना घेऊन झाली नव्हती. फरक पायाखालच्या कागदाचा होता.

या मांडणीवर पहिला आक्षेप भाषेचा येईल. खानदेशी आणि मराठवाडी माणूस मराठीच, म्हणून तो सामावला. बिहारी परका, म्हणून राहिला बाहेर. इतके सोपे असते तर सिंधी आणि मल्याळी माणसे इथे रुजलीच नसती. आणि उलटी बाजू अधिक टोचणारी आहे. चाकणच्या खोलीत राहणारा बीडचा कंत्राटी कामगार मराठी बोलतो, पण त्याचे मत बीडला, रेशनकार्ड बीडला, आणि खोलीमालकाशी त्याचा व्यवहार शेजारच्या झारखंडच्या मुलापेक्षा फारसा वेगळा नाही. उद्योगांना सवलती देताना राज्य सरकार ८० टक्के स्थानिकांना नोकऱ्यांची अट घालते आणि स्थानिक म्हणजे १५ वर्षांचा रहिवास असलेला असे मानते. बीडच्या मुलाला तो दाखला मिळतो, म्हणून भाषेला आणि प्रांताला काहीच किंमत नाही असे नाही. पण नोकरीच कायम नसेल तर त्या दाखल्याने त्याचे बस्तान बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कागद कोणाला मिळतो हे तरी कशाने ठरते? जातीनेच ना? हे मोठ्या प्रमाणात मान्य करावे लागते. कायम नोकरीच्या काळातही चांगली खाती आणि भूखंड कोणाकडे गेले आणि झोपडपट्टीचे ओळखपत्र कोणाच्या वाट्याला आले, यात जात दिसतेच. कॅम्पातसुद्धा सिंधमध्ये मालमत्ता असलेल्यालाच मोबदला मागता आला. ज्याच्याकडे तिथे काही नव्हते, त्याला मागण्यासारखेही काही नव्हते. म्हणून मी कागदाला जातीचा पर्याय मानत नाही. माझे म्हणणे एवढेच की जात जिथे काम करते ती जागा शोधायची असेल तर वाटपाच्या याद्या, नेमणुकीची पत्रे आणि भाडेकरार पाहावे लागतील. नुसती टक्केवारी तिथवर नेत नाही. देहूरोडचे उदाहरण हेही सांगते की योग्य नोकरी आणि वस्ती मिळाली तर जातीने दडपलेला समाज संपूर्ण राज्याच्या धार्मिक नकाशाला हात घालू शकतो.

तिसरा आक्षेप धीर धरा म्हणणाऱ्यांचा. सिंध्यांनाही वेळ लागला, खानदेशींनाही; चाकणचे लोकही पन्नास वर्षांत इथलेच होतील. काळ आपोआप काम करतो, हा यातला गृहीत धागा चुकीचा आहे. पन्नास वर्षे एका जागी राहिलेला माणूस बदलतो आणि जागेलाही बदलतो. दर वर्षी खोली बदलणाऱ्या माणसाच्या हातून शाळा, मंदिर, मशीद, पतपेढी, मतदारसंघ यांतले काहीच उभे राहत नाही. त्याची मुले गावीच शिकतात. तो परततो, त्याच्या जागी त्याच जिल्ह्यातला दुसरा येतो. अशा पन्नास वर्षांनंतरही पन्नास वेगवेगळी पहिली वर्षेच साठतात. २०२० च्या टाळेबंदीत परतीच्या रस्त्याला लागलेली गर्दी याच पायावर उभी होती.

हे सगळे आता मांडायची निकड का? २०११ नंतर जनगणना झालेलीच नाही. महापालिकेच्या १२८ जागांची प्रभागरचना त्याच जुन्या आकड्यांवर झाली, चाकणभोवतीच्या ग्रामपंचायती पाणी आणि कचऱ्याचे नियोजन त्याच आकड्यांवर करतात, आणि चाकण परिसरासाठी स्वतंत्र महापालिकेची चर्चा सुरू आहे. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे आणि तीत १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात नोंदली जाईल. आकडे बाहेर पडले की या पट्ट्यात कोणाची किती संख्या यावर पुष्कळ गदारोळ होणार. पाळीवर गेलेला मुलगा प्रगणकाला भेटला की नाही, खोलीमालकाने पाचाऐवजी दोन माणसे सांगितली का, त्याने गावाकडच्या घरी नाव लावले का, या प्रश्नांची तयारी आताच करायला हवी.

या संग्रहाने ते काम अंशतः केले आहे. इथले लेख गावकीचे, कॅम्पाचे, कारखान्याच्या वसाहतींचे, देहूरोडचे आणि चाकणच्या खोल्यांचे आहेत. लेखकांत शिक्षक, कामगार संघटनांत वावरलेले कार्यकर्ते आणि अभ्यासक आहेत, त्यामुळे लेखनाची जात एकसारखी नाही. काही लेख माझ्या वर मांडलेल्या म्हणण्याशी सहमत नाहीत आणि त्यांना तसे वळवण्याचा प्रयत्नही झालेला नाही. विशेषतः धार्मिक संस्थांवरच्या लेखांचा कल असा आहे की श्रद्धा आधी येते आणि जागा ती मिळवून घेते. निगडीच्या मंदिराबाबत ते खरे असू शकेल. कुदळवाडीच्या मशिदींबाबत मला शंका आहे. वाचकाने दोन्ही ताडून पाहावे. नवख्याने चाकणपासून वाचायला सुरुवात केली तर बरे. मग आधीच्या वाटा किती अपवादात्मक परिस्थितीत खुल्या झाल्या होत्या हे कळते, आणि कॅम्पाचा इतिहास यशोगाथेसारखा वाचण्याचा मोह टळतो.

उणिवाही सांगायला हव्यात. स्त्रिया इथे कमी आहेत. कारखान्याच्या वाटेने येणारा पुरुष आणि मागून येणारी त्याची बायको, हा साचा या संग्रहाने पुरेसा मोडलेला नाही. वाहनांच्या तारा जोडण्याच्या, पॅकिंगच्या कामांत आज मुलींच्या पाळ्या भरतात. त्यांच्या वसतिगृहांवर आणि खोल्यांवर स्वतंत्र काम व्हायला हवे. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांची वाट जाणूनबुजून बाहेर ठेवली आहे, कारण तिचे कागद, म्हणजे गृहकर्ज, सोसायटीचे सदस्यत्व, परदेशी नेमणूक, वेगळ्या पुस्तकाची मागणी करतात. आणि साधनांपैकी सर्वांत मोठे साधन अजून कोणी उघडलेले नाही. चाकण-महाळुंगेच्या खोलीमालकांनी ठेवलेल्या भाड्याच्या वह्या आणि भाडेकरूंची माहिती म्हणून पोलीस ठाण्यांत जमा झालेले अर्ज यांत कोण कुठून आला, किती महिने राहिला आणि कोणाच्या ओळखीने खोली मिळाली, याच्या नोंदी आहेत. नावे झाकून त्या अभ्यासकांना पाहायला मिळाल्या तर या संग्रहातले चाकणचे प्रकरण पुन्हा लिहावे लागेल, आणि बहुधा या प्रस्तावनेतली काही विधानेही.